झाकणावरचा करार

१

सकाळी नऊ वाजता निर्मात्याने गळ्यातल्या किल्लीने लोखंडी पेटी उघडली. एजंटसाहेबांनी आतलं पुठ्ठ्याचं झाकण दोन्ही हातांनी उचललं, उजेडाकडे धरलं आणि एकाएकी नाकाशी नेलं.

"हा चहा आहे," ते म्हणाले.

कोणालाच काही कळेना. चहा तर सगळ्यांच्याच हातात होता.

"अहो, या झाकणाला चहाचा वास येतोय! माझं झाकण तीस वर्षं माझ्या पलंगासमोर काचेच्या फ्रेममध्ये टांगलेलं होतं. त्याला धुळीचा कण शिवला नाही, तिथे चहा कुठून शिवणार? हे माझं नाही. माझं कुठंय?"

निर्मात्याने घाईने गळ्यातली किल्ली चाचपली. दिग्दर्शिकेच्या तोंडचं पाणी पळालं. आणि कोपऱ्यात स्टुलावर बसून कालचे फोटो जुळवणाऱ्या मावशींनी वही मिटली.

मावशी खऱ्या मावशी होत्या त्या एकट्या दिग्दर्शिकेच्या. पण भाची मावशी म्हणते म्हटल्यावर सगळं युनिटच म्हणू लागलं. त्यांचं काम कंटिन्युइटीचं. सिनेमा तुकड्यातुकड्यांनी काढतात. नायकाने सकाळी अर्धा प्यायलेला पेला संध्याकाळच्या शॉटमध्ये भरलेला दिसला की प्रेक्षक हसतो. तो हसू नये म्हणून पेल्यात पाणी कुठवर होतं, बाही किती दुमडली होती, पेन कुठल्या बाजूला होतं, हे सगळं लक्षात ठेवायला एक माणूस लागतं. मावशी एकतीस वर्षं तेच करत होत्या. त्यांच्या यजमानांची तक्रार होती, की घरात खुर्ची वीतभर सरकली तरी हिला कळतं, दिवाळं निघालं असतं तरी मी लपवू शकलो नसतो.

तर झाकणाची गोष्ट अशी. हा सिनेमा खेळाडूंच्या खरेदीविक्रीवर होता. मैदानावरचा खेळ त्यात पाच मिनिटं, बाकीचा सगळा खेळ टेबलावरचा. कोण कोणाला विकतो, कितीला, आणि विकल्या जाणाऱ्याला कोणी विचारतं का. कथा एजंटसाहेबांच्याच आयुष्यातली होती. आयुष्यातला पहिला करार त्यांनी एका अठरा वर्षांच्या गोलकीपरशी केला, तेव्हा दोघांकडे कागद नव्हता. मैदानात बुटांचं खोकं पडलं होतं, त्याच्या झाकणावर करार लिहिला. तीन कलमं, खाली दोन सह्या.

"शेवटचा शॉट माझ्या खऱ्या झाकणाचा, ही माझी एकमेव अट होती," एजंटसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "चारपर्यंत झाकण मिळालं तर ठीक. नाहीतर माझी गोष्ट मी परत घेतली. तुमचा सिनेमा बंद."

भाचीचा हा पहिला सिनेमा. त्यासाठी तिने पाच वर्षं दारोदार चपला झिजवल्या होत्या. शिवाय स्टेडियमच्या पायऱ्यांखालची ही खोली आजच्यापुरतीच होती, उद्यापासून सामन्यांचा मोसम. ती मावशींजवळ येऊन कुजबुजली, "मावशी, काहीतरी कर गं."

"मी काय पोलीस आहे?"

"पोलिसांना पेल्यातलं पाणी आठवत नाही," भाची म्हणाली.

२

मावशींनी आधी मामांना गाठलं. मामा म्हणजे सेटवरचं सगळं सामान सांभाळणारे. मावशी आणि मामा दोघेही हजर असल्यामुळे हा सेट नसून आजोळ आहे, असं लोक चिडवत.

मामा रडकुंडीला आले होते. "मावशी, मी दोन नकला केल्या होत्या. सीनमध्ये नायक झाकण फाडतो ना? एक फाडायला, एक जादा, रीटेक झाला तर. जुनं दिसावं म्हणून दोन्ही चहाच्या पाण्यात बुडवून वाळवल्या. काल साहेबांनी फ्रेममधून खरं काढलं आणि मी कपाळाला हात लावला."

"का?"

"ते कोरं करकरीत! काचेमागे राहिलेलं. माझ्या नकला त्याच्यापेक्षा जुन्या दिसत होत्या."

मावशींनी कालचं फाडलेलं झाकण ठेवलेली पिशवी मागवली. चार तुकडे निघाले. मावशींनी एकेक हुंगला आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. चहा! म्हणजे फाडली गेली ती नक्कल. पेटीत निघाली तीही नक्कल.

"आणि जादाची नक्कल?"

"ती बाहेर फळीवर होती. पहिल्याच टेकला शॉट ओके झाला, मग तिच्याकडे बघतो कोण?" मामा मावशींना घेऊन बाहेर आले. फळीवर हातोडी होती, खिळ्यांचा डबा होता, रंगाचे ब्रश होते. झाकण नव्हतं.

"म्हणजे दोन नकलांचा हिशेब लागला," मावशी म्हणाल्या. "एक पेटीत, एक पिशवीत. खरं मात्र पाय फुटून गेलंय. आणि मामा, पाय फुटले ते जेवणाच्या सुट्टीत. सुट्टीआधीच्या माझ्या फोटोत खरं टेबलावर आहे."

"सुट्टीत तुम्ही कुठे होतात?" मामांनी सहज विचारलं.

मावशींचे कान लाल झाले. त्यांनी वही उघडली, बंद केली, आणि विषय बदलला. कारण सुट्टीत मावशी झोपल्या होत्या. एकतीस वर्षांत पहिल्यांदा, वेशभूषेच्या खोलीत कोटांच्या ढिगावर, चांगली पंचवीस मिनिटं. धावत आल्या तेव्हा कॅमेरा सुरू झाला होता. त्यामुळे सुट्टीनंतरच्या, झाकण फाडायच्या चौथ्या शॉटमध्ये एक चूक राहून गेली होती आणि आज सकाळपासून ती त्यांना दातात अडकलेल्या बडीशेपेसारखी सलत होती. तिसऱ्या शॉटमध्ये नायकाचे बूट जमिनीवर टेकलेले होते. चौथ्यात ते अधांतरी लोंबत होते.

३

नायक आरशासमोर बसून केस विंचरून घेत होता. पडद्यावर तो तरुण एजंटचं काम करत होता. रूप राजबिंडं, आवाज भारदस्त, फक्त उंचीच्या वेळी देवाने हात आखडता घेतला होता. त्याला आणखी एक खोड होती. प्रत्येक सिनेमातून तो एखादी वस्तू आठवण म्हणून घरी नेई.

"मागच्या सिनेमातली शिट्टी तुमच्याकडे आहे," मावशींनी सुरुवात केली.

"आहे."

"त्याच्या आधीच्या सिनेमातली घंटा?"

"दिवाणखान्यात आहे. पण झाकण नाही हो मावशी! मी यातून आधीच एक वस्तू उचललीये." त्याने ओशाळून ड्रॉवर उघडला. आत टेबलावरची टाचणी टोचायची उशी होती. "दोन आठवणी नेत नाही मी. तत्त्व आहे माझं."

"बरं, तत्त्वनिष्ठ महाराज, काल चौथ्या शॉटमध्ये तुमचे पाय लोंबत होते. बोलला का नाहीत?"

नायकाने ड्रॉवर बंद केला. "खुर्ची कोणीतरी उंच केली होती. बसलो तर टेबलापलीकडचं सगळं दिसायला लागलं. मावशी, आयुष्यात पहिल्यांदा मी उंच दिसत होतो. कशाला बोलू?"

मावशींनी हसू दाबलं. "आणि सीनसाठी टेबलावर ठेवलेला तो चष्मा?"

"त्याला मी हात लावत नाही. सीनभर तो मिटूनच पडलेला असतो."

मावशींनी मोबाइलवरचे दोन फोटो काढले. जेवणाआधीच्या फोटोत चष्मा मिटलेला होता. चौथा शॉट संपल्यावरच्या फोटोत त्याच्या काड्या उघड्या होत्या.

उंच केलेली खुर्ची आणि उघडलेला चष्मा. म्हणजे जेवणाच्या सुट्टीत त्या खुर्चीवर कोणीतरी निवांत बसलं होतं आणि वाचत होतं.

निर्माता गोल होता, गोडबोल्या होता आणि अतिशय घाबरलेला होता. मावशी काही विचारायच्या आत तो म्हणाला, "लोक म्हणतायत मीच लपवलं, प्रसिद्धीसाठी. मला सुचलं असतं तर लपवलंही असतं. पण सुचलं नाही!"

"तुम्ही पेटीत झाकण कधी ठेवलंत?"

"जेवायला जाताजाता. खोलीत डोकावलो तर टेबलावर दोन झाकणं, आणि राखायला कुत्रंही नाही! मामा आधीच जेवायला पळालेले. म्हटलं, लाखमोलाची वस्तू उघड्यावर टाकतात म्हणजे काय? खरं उचललं, पेटीत घातलं, किल्ली गळ्यात. मग जेवलो. एजंटसाहेबांच्या शेजारीच बसलो होतो, सुट्टी संपेपर्यंत."

"खरं कोणतं, हे कसं ओळखलंत?"

निर्मात्याने दयेने मावशींकडे पाहिलं. "मावशी, सिनेमात आयुष्य गेलं माझं. एक झाकण पिवळं, डागाळलेलं, कडा झिजलेल्या. दुसरं कोरं. तीस वर्षांचं कोणतं, हे काय पोरालासुद्धा कळेल."

मावशी जागच्या उठल्या. या माणसाने चोराच्या भीतीने दगड तिजोरीत ठेवला होता आणि हिरा टेबलावर सोडला होता. फाडायच्या जागेवर!

४

एजंटसाहेब खिडकीशी उभे होते. गुडघा आखडल्यामुळे ते बसत कमी, उभे जास्त. मावशींच्या मनात आलं, आखडलेल्या गुडघ्याच्या माणसालाही उंच खुर्ची लागते. आणि सौदे करण्यात ज्याचे केस पिकले तो आपलीच वस्तू लपवून भाव वाढवणार नाही कशावरून? निर्माता म्हणतो शेजारी होते. पण निर्माता जेवायला बसला की त्याला ताटापलीकडचं जग दिसत नसे.

"साहेब, झाकणावर नेमकं काय लिहिलंय?"

त्यांनी गळ्यातल्या दोरीला लटकणारा चष्मा सवयीने डोळ्यांवर चढवला, जणू झाकण समोरच आहे. "एक, दर मोसमाला नवे हातमोजे. दोन, रोज सकाळी दोन अंडी. काडीपैलवान होता तो तेव्हा. तीन..." त्यांनी खिडकीबाहेर मैदानाकडे पाहिलं. "तीन, तुला विचारल्याशिवाय तुला कुठेही विकणार नाही."

"आणि?"

"आणि चार वर्षांनी विकला. न विचारता. भाव चांगला आला होता, फोनवर 'हो' म्हणून मोकळा झालो. त्याला दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातून कळलं. सव्वीस वर्षं झाली, बोलत नाही माझ्याशी. काल इथे आला, पण जेवायला पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसला." चष्मा परत छातीवर आला. "सिनेमात तो करार फाडायचं लेखकाच्या डोक्यातून आलं. मी कसा फाडेन? रोज उठलो की ते तिसरं कलम आधी वाचतो. शेवटच्या शॉटमध्ये तेवढंच दाखवायचं होतं मला. सगळ्यांसमोर."

मावशींनी त्यांच्या छातीवरच्या चष्म्याकडे पाहिलं, आणि त्यांचा एक संशयित तिथल्या तिथे गळाला.

खाली मैदानात करारातला तोच गोलकीपर, म्हणजे भिंतराव, नव्या पोरांना शिकवत होते. एके काळी त्यांना चुकवून चेंडू जात नसे, म्हणून 'भिंत'. वय वाढलं तसा मागे 'राव' लागला. साडेसहा फुटांचा माणूस, पंजे सुपाएवढे. काल भाचीने त्यांना शूटिंग बघायला मुद्दाम बोलावलं होतं.

"या मावशी! चोर सापडला का?"

"सापडेल. तुम्हाला जरा त्रास देते. आजच्या शॉटचं वेळापत्रक आहे, एक ओळ वाचून दाखवता? मला बारीक अक्षर दिसत नाही."

भिंतरावांनी कागद हातात घेतला. आधी जवळ धरला. मग लांब. मग आणखी लांब. त्यांचा हात इतका लांब होता, की कागद पोहोचला जवळजवळ गोलपोस्टपर्यंत.

"चष्मा घरी राहिला," ते म्हणाले. "रोजच राहतो."

मावशींनी कागद परत घेतला. "साडेतीनला वर या भिंतराव. आणि येताना तुमची किटबॅग आणा."

भिंतरावांचा चेहरा पडला तो त्यांना लपवता आला नाही. चेंडू अडवणाऱ्या माणसाला खोटं बोलायची सवय कुठली?

५

साडेतीनला ती लहानशी खोली माणसांनी गच्च भरली. मावशी टेबलाच्या मागे उभ्या राहिल्या.

"आधी माझी चूक सांगते," त्या म्हणाल्या. "काल सुट्टीत मी झोपले होते." खोलीत असा सन्नाटा पसरला, की जणू देवळातला देवच डुलकी काढताना सापडला. "म्हणून चौथ्या शॉटआधी टेबल तपासलं गेलं नाही. पण कधीकधी चूकच उपयोगी पडते. मी जागी असते तर खुर्ची खाली केली असती, चष्मा मिटला असता आणि दोन्ही खुणा पुसल्या गेल्या असत्या.

"जेवायला जाताना टेबलावर दोन झाकणं होती, खरं आणि फाडायचं. आपले निर्माते आले. जुनं दिसतं तेच खरं, असं समजून त्यांनी चहावालं पेटीत ठेवलं. मागे उरलं खरं. शेजारी सीनचा कागद, त्यावर लिहिलेलं, 'एजंट झाकण फाडतो.' जेवणानंतरच्या घाईत, टेबलावर एकच झाकण आहे म्हणजे तेच फाडायचं, असं सगळे समजले असते, आणि नायकाने ते टराटरा फाडलं असतं."

एजंटसाहेबांनी निर्मात्याकडे पाहिलं. निर्मात्याने खाली बसायला जागा शोधली, ती मिळाली नाही.

"पण त्याआधी कोणीतरी आत आलं. ते माणूस उंच होतं, बसण्यासाठी त्याला खुर्ची वर करावी लागली. त्याला जवळचं वाचता येत नव्हतं आणि चष्मा सोबत नव्हता, म्हणून त्याने टेबलावरचा उचलून लावला. नायकाला ठाऊक आहे की तो चष्मा नुसत्या काचेचा आहे. साहेबांचा स्वतःचा गळ्यात असतो. आमचे निर्माते त्या खुर्चीवर चढायलाच स्टूल मागतील. त्या माणसाने फळीवरची जादा नक्कल आणून टेबलावर ठेवली, म्हणजे शूटिंग अडायला नको, आणि खरं झाकण नेलं. चोरी म्हणा हवं तर. मी म्हणेन, गोल अडवला."

भिंतराव पुढे आले. त्यांनी किटबॅग उघडली, हातमोज्यांच्या जोडीखालून टॉवेल काढला आणि उलगडला. आत झाकण होतं. कोरं, करकरीत.

"त्या चष्म्यातून काडीचं दिसलं नाही," ते म्हणाले. "पण माझी सही मला बोटांनी कळते. पेन दाबून लिहायचो मी."

"मग मला का नाही सांगितलंस?" एजंटसाहेबांचा आवाज चिरकला. "सकाळपासून माझ्या जिवाचं पाणी झालंय!"

भिंतराव त्यांच्याकडे न बघता बोलले. "दादा, मला वाटलं, तूच दिलंयस फाडायला. म्हटलं, याला नको असेल तर राहू दे माझ्याकडे. मला हवंय. आज सकाळी ऐकलं, की तू त्याच्यासाठी सगळा सिनेमा बंद पाडायला निघालायस. मग परत करायलाच येत होतो. पण..."

"पण काय?"

"पण तू किती वेळ शोधतोस, ते जरा बघावंसं वाटलं."

एजंटसाहेबांना हसू फुटलं आणि डोळ्यांतून पाणीही आलं. कोणतं आधी आलं, हे कंटिन्युइटीच्या बाईंनाही सांगता आलं नसतं. मावशींनाही स्वतःचा रुमाल शोधावा लागला.

"चला, पावणेचार!" भाची ओरडली. "दिवे! कॅमेरा! झाकण टेबलावर!"

"थांब पोरी," एजंटसाहेब म्हणाले.

एजंटसाहेबांनी झाकण हातात घेतलं, चष्मा चढवला आणि तिसऱ्या कलमावर बोट ठेवलं. मग मान वर करून त्या साडेसहा फुटांकडे पाहिलं.

"हा सिनेमा म्हणजे तुझीच गोष्ट विकतोय मी. आणि गाढवासारखा पुन्हा न विचारताच सही करून बसलोय. सव्वीस वर्षं उशीर झालाय, पण विचारतो. तुला विकू का?"

भिंतरावांनी झाकणावरून अंगठा फिरवला, सहीपासून वर, दुसऱ्या कलमापर्यंत.

"अंडी?"

"दोन. रोज सकाळी. लिहिलंय की."

"डॉक्टरने एकावर आणलंय मला."

"मग दुसरं मी खाईन," एजंटसाहेब म्हणाले. "रोज सकाळी येऊन."

भिंतरावांनी सुपाएवढा पंजा पुढे केला. भाचीने त्या क्षणी कॅमेऱ्याकडे नुसती बोटाने खूण केली, आणि शेवटचा शॉट झाकणाचा न होता झाकणावर एकमेकांत गुंतलेल्या दोन हातांचा झाला. एका टेकमध्ये.

चारला पाच कमी असताना मावशींनी वही काढली. चौथ्या शॉटपुढे सकाळी त्यांनी लाल पेनने लिहिलं होतं, 'नायकाचे पाय अधांतरी. माझी चूक. पुन्हा काढावा.' त्यांनी ती ओळ खोडली. मागून नायक वाकून बघत होता.

"राहू द्यायचा ना तसाच?" त्याने आशेने विचारलं.

"राहू दे," मावशी म्हणाल्या. "आणि ती टाचण्यांची उशी परत ठेवा. माझ्या फोटोत ती टेबलावर आहे."